तांबी जागेवर आहे का? घरी तपासायची रीत, आणि काय नेहमीचं, काय नाही

तांबी म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ते छोटं साधन, तिचा बारीक दोरा गर्भाशयाच्या तोंडाबाहेर राहतो. ती बसवल्यावर ‘दोरा हाताला लागतोय का बघत जा’ एवढं सांगून बायकांना घरी पाठवलं जातं. कधी बघायचा, कसा बघायचा, लागला नाही तर आधी काय करायचं, हे सांगायचं राहून जातं. मग दोन टोकांच्या चुका होतात. दोरा लागला की तांबी ठीक आहे असं धरून ओटीपोटातलं दुखणं अंगावर काढलं जातं. आणि दोरा लागला नाही की तांबी पडली किंवा पोटात चढली म्हणून घाबरगुंडी उडते.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तांबी अर्धवट खाली सरकली तरी दोरा लागतोच, उलट जास्त लांब लागतो. आणि तांबी जागच्या जागी असतानाही दोरा आत वळून बसलेला असू शकतो. दोरा ही एक खूण आहे. पाळी, दुखणं, पॅडवर काय दिसतं आणि कार्डावर काय लिहिलंय, या बाकीच्या खुणांशी ती ताडून पाहायची असते.

टप्पा १ : आपल्याला नेमकं काय बसवलंय ते कार्डावर बघा

तपासणीची सुरुवात कार्डापासून होते. सरकारी दवाखान्यांत दोन प्रकारच्या तांब्या मोफत बसवतात : कॉपर टी ३८० ए, जी १० वर्षं चालते, आणि कॉपर टी ३७५, जी ५ वर्षं चालते. तिसरा प्रकार हार्मोनचा. त्यात तांबं नसतं, लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन थोडं थोडं सुटत राहतं. बोलताना सगळे या तिन्हींना ‘तांबी’च म्हणतात, पण त्यांचं ‘नेहमीचं’ वेगवेगळं आहे. हार्मोनवालीत पाळी जवळजवळ बंद होणं नेहमीचं. तांब्याच्या तांबीत पाळी चुकली तर ती तपासायची गोष्ट आहे.

कार्डावर चार गोष्टी हव्यात : प्रकार, बसवल्याची तारीख, काढायची तारीख, आणि दोरा किती लांब ठेवलाय. चौथी नोंद बहुतेक कार्डांवर नसते. ती तिथेच विचारून पेनाने लिहून घ्या. साधारणपणे गर्भाशयाच्या तोंडाबाहेर ३ सेंटिमीटर दोरा ठेवतात. पुढे ‘दोरा लांब झालाय का’ हे ठरवायला हाच आकडा लागतो. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. बदली झाली, गाव सुटलं, परदेशी गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना हा फोटोच उपयोगी पडतो.

बाळंतपणाच्या वेळीच तांबी बसवली असेल तर डिस्चार्ज कार्डावर ‘पीपीआययूसीडी’ असं लिहिलेलं असतं. ते शोधा, कारण या तांबीच्या दोऱ्याचे नियम वेगळे आहेत. ते पुढे दिले आहेत.

टप्पा २ : पहिले तीन आठवडे

बसवल्यावर लगेच मुरडा येणं, थोडी चक्कर येणं, घाम फुटणं हे बऱ्याच जणींना होतं. उठायची घाई न करता १५-२० मिनिटं पडून राहा. पुढचे दोन-चार दिवस पाळीत येतात तशा कळा आणि थोडं रक्त जाणं चालतं. पहिला एक-दोन दिवस संबंध, कप आणि टॅम्पॉन टाळा आणि पॅडच वापरा.

कळांसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर घेता येते. दोन गोळ्यांत आठ तासांचं अंतर ठेवा. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामक गोळीने दमा उसळत असेल तर ही गोळी घेऊ नका, डॉक्टरांना दुसरी विचारा.

या काळात दोरा शोधत बसू नका. तो अजून ताठ असतो, टोचल्यासारखा लागतो. काही आठवड्यांत तो मऊ पडून गर्भाशयाच्या तोंडाभोवती वळतो.

> सावधान : पहिल्या तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप, वाढत जाणारं ओटीपोटातलं दुखणं किंवा घाण वासाचं पांढरं-पिवळं जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्गाचा धोका याच काळात सर्वांत जास्त असतो. दोरा व्यवस्थित लागतोय म्हणून थांबू नका. संसर्गाचा आणि दोऱ्याचा काही संबंध नाही.

टप्पा ३ : कधी तपासायचं

तांबी आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण साधारण २० जणींत एक इतकं आहे. ती पडते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत आणि पाळी चालू असताना. वेळापत्रक यावरूनच ठरतं :

- पहिल्या तीन पाळ्यांत, टाकण्याआधी पॅडवर नजर टाका. तांबी म्हणजे ३ सेंटिमीटरच्या आसपासचं पांढरं प्लास्टिक आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. गाठींमध्ये ती सहज लपते. पाळीच्या गडबडीत तांबी पडून गेली आणि पुढे दिवस राहिल्यावरच कळलं, असं याच ठिकाणी घडतं.
- पाळी थांबल्यावर दोन-तीन दिवसांत दोरा बघा. पहिले तीन महिने दर पाळीनंतर.
- पहिल्या पाळीनंतर, म्हणजे ४ ते ६ आठवड्यांनी, दवाखान्यात एकदा दाखवून या. घरी दोरा लागत असला तरीही.
- त्यानंतर महिन्यातून एकदा बघितलं तर चालेल. नाही बघितलं तरी तांबीचं काम थांबत नाही.

शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहिला आहे. बोट घालून तपासणं काही जणींना नकोसं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अशांनी पॅड बघावं, पुढे दिलेल्या तक्रारींकडे लक्ष ठेवावं आणि दवाखान्यातली तपासणी चुकवू नये. याउलट रोज तपासणं नको. त्याने हाती काही लागत नाही, फक्त जीव घोरात राहतो.

पाळीनंतरचेच दिवस का? गर्भाशयाचं तोंड महिनाभर एका जागी नसतं. पाळीच्या सुमारास ते खाली आणि टणक असतं, महिन्याच्या मध्यावर वर जातं आणि मऊ होतं. १४-१५व्या दिवशी ते बोटाच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतं. ‘गेल्या महिन्यात लागला होता, आता लागत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा एवढंच झालेलं असतं.

टप्पा ४ : तयारी

1. लघवी करून या. मूत्राशय भरलेलं असेल तर बोट नीट वर जात नाही.
2. मधल्या बोटाचं नख कापा. नुसतं छोटं असून चालत नाही. नख दोऱ्यात अडकतं आणि हात बाहेर काढताना दोरा ओढला जातो.
3. अंगठी काढा. साबण-पाण्याने हात धुवा आणि साबण पूर्ण निघून जाईपर्यंत पाणी घ्या. डेटॉल, तेल, क्रीम काही लावू नका. कोरडं वाटलं तर बोट स्वच्छ पाण्याने ओलं करा.
4. आडोसा आणि निवांतपणा हवा. घरात गर्दी असेल तर आंघोळीआधी न्हाणीघरात हे काम होतं. घाईत स्नायू आवळले जातात आणि मग काहीच लागत नाही.
5. बसायची पद्धत ठरवा. सर्वांत सोपं म्हणजे उकिडवं बसणं. गुडघे दुखत असतील तर एक पाय स्टुलावर किंवा उलट्या बादलीवर ठेवून उभ्याने. आडवं पडून करू नका. त्या स्थितीत गर्भाशयाचं तोंड मागे जातं.

टप्पा ५ : दोरा शोधणं

1. मधलं बोट हळूच आत घाला. दिशा सरळ वर नको, माकडहाडाच्या रोखाने मागे आणि वर.
2. आतल्या भिंती मऊ, सुरकुतलेल्या लागतात. बोट पुढे नेत राहिलं की एक गोल, टणक, गुळगुळीत भाग लागतो. नाकाचा शेंडा दाबल्यावर लागतो तसा. हे गर्भाशयाचं तोंड. मध्यावर छोटी खळगी जाणवते.
3. तिथवर बोट पोचत नसेल तर बाळ बाहेर ढकलताना देतात तशी हलकी कळ द्या. तोंड थोडं खाली येतं.
4. बोटाचं टोक खळगीभोवती गोल फिरवा. मासे धरायच्या गळाला असतो तसा बारीक, गुळगुळीत नायलॉनचा धागा लागेल. कधी दोन, कधी दोन्ही एकमेकांना चिकटून एकच. खळगीत नाही लागला तर तोंडाच्या मागच्या बाजूला बघा, तो तिथे वळून बसलेला असतो.
5. धागा लागला की थांबा. लांबीचा अंदाज घ्या : बोटाच्या पहिल्या पेराएवढा, की त्याहून लांब? मग बोट बाहेर काढून हात धुवा.

> सावधान : दोरा चिमटीत धरू नका. त्यासाठीच एक बोट सांगितलंय. दोन बोटं घातली की आपोआप चिमटीत येतो आणि ‘घट्ट आहे का’ म्हणून ओढून बघितला जातो. तांबी काढायची रीतही दोरा ओढण्याचीच आहे, हे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा गर्भाशयाचं तोंडच सापडलं नाही तर तो दिवस सोडून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. दोन दिवसांत दोन प्रयत्न पुरेत. दोन-तीन महिन्यांत आपलं अंग कसं लागतं ते समजायला लागतं.

टप्पा ६ : हाताला जे लागलं त्याचा अर्थ

*दोरा लागतो, लांबी मागच्याइतकीच, त्रास काही नाही.* कार्डावर तारीख टाका. काम झालं.

*दोरा आधीपेक्षा स्पष्टपणे लांब लागतो.* तांबी खाली सरकली असण्याची शक्यता आहे. आजपासून कंडोम वापरा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा.

*दोऱ्याबरोबर काहीतरी टणक लागतं.* काडीच्या टोकासारखं काही खळगीत लागलं तर ते तांबीचं प्लास्टिक. ती अर्धी बाहेर आली आहे आणि आता तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आत ढकलू नका. अशी तांबी काढून दुसरी बसवावी लागते, ढकलून जागेवर जात नाही. पाच दिवसांत संबंध आला असेल तर डॉक्टरांना तो दिवस नेमका सांगा. संबंधानंतर ५ दिवसांच्या आत नवी तांबी बसवली तर ती गर्भ राहणं रोखू शकते. ते जमणार नसेल तर आणीबाणीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी.

*दोरा आखूड झालाय किंवा एकच लागतो.* बहुतेक वेळा तो वर वळलेला असतो. पुढच्या पाळीनंतर परत बघा. दुखणं किंवा रक्तस्राव बदलला असेल तर वाट बघू नका.

*नवऱ्याला टोचतं.* दोरा फार आखूड कापला की असं होतं : छोटा तुकडा ताठ उभा राहतो, लांब असला तर वळून बसतो. म्हणून घरी कात्रीने आणखी आखूड करायला जाऊ नका. दवाखान्यात एकतर तो तोंडामागे वळवून देतात किंवा खळगीच्या काठाला कापतात. कापला तर पुढे घरी दोरा लागणार नाही. ते कार्डावर लिहून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी हीच गोष्ट काळजीचं कारण होते.

नेहमीचं काय, नाही काय

तांब्याच्या तांबीत पहिले ३ ते ६ महिने पाळी जास्त जाते, एक-दोन दिवस जास्त टिकते, कळाही जास्त येतात. मधल्या दिवसांत डाग पडतात. हे तांबीची जागा चुकल्याचं लक्षण नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून तीन-चार दिवस वर सांगितलेली गोळी जेवणानंतर नियमित घेतली तर कळा आणि रक्त दोन्ही कमी होतात. कळ असह्य झाल्यावर एखादी घेऊन तेवढा उपयोग होत नाही. पाळी चुकलेली असेल आणि गर्भ राहिल्याची शंका असेल तर मात्र आधी किटने तपासा, मग गोळी. तीन महिन्यांनीही जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे पुष्कळ जणींचं ते आधीच कमी असतं, आणि ‘तांबीने अशक्तपणा आला’ म्हणतात त्यामागे हे वाढलेलं जाणं असू शकतं.

हार्मोनवालीत उलटं. पहिले ३ ते ६ महिने कधीही, कितीही दिवस डाग पडत राहतात. पॅड ठेवायलाच लागतं, पण जातं थोडंच. मग कमी होत जातं आणि काहींची पाळी थांबते. रक्त आत साठून राहत नाही, गर्भाशयाचं अस्तरच पातळ होतं.

तांबी जागेवर असली की ती आत जाणवत नाही. चालताना, वाकताना, भारा उचलताना, संबंधाच्या वेळी, कधीच नाही. ‘आत काहीतरी आहे असं वाटतं’ ही भावना पहिल्या काही दिवसांनंतरही टिकली तर दाखवा.

यापैकी काही असेल तर दोरा न शोधता थेट दवाखान्यात जा :

- तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा दहाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडताहेत.
- काही महिने शांत गेल्यावर अचानक नव्याने कळा किंवा रक्तस्राव सुरू झाला. पहिल्याच महिन्यातल्या कळांपेक्षा या कळा जास्त महत्त्वाच्या.
- संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं किंवा नंतर रक्त जातं.
- ताप, घाण वास, ओटीपोट दाबल्यावर दुखणं.

> सावधान : पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, किंवा चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर १०८ ला फोन करा. तांबी असताना गर्भ राहणं क्वचित घडतं, पण राहिलाच तर तो गर्भाशयाबाहेर, नळीत असण्याची शक्यता जास्त असते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘तांबी आहे’ असं सांगा.

टप्पा ७ : दोरा लागत नाही. आता याच क्रमाने

1. कंडोम. आजपासून, तांबी जागेवर आहे हे कळेपर्यंत. हे पहिलं, कारण पुढच्या तपासण्यांना आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात.
2. गर्भचाचणीचं किट, सकाळच्या पहिल्या लघवीवर. हार्मोनवाली असेल तर पाळीवरून काही कळत नाही, त्यामुळे किट हवंच. ‘नाही’ आलं तरी शेवटच्या संबंधाला ३ आठवडे झाले नसतील तर तेवढे झाल्यावर परत करा. ‘हो’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तांबी आत असताना गर्भ राहिला असेल तर पुढचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.
3. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे तपासणी. स्पेक्युलम (आतल्या भिंती बाजूला धरणारं उपकरण) लावून बघितलं की पुष्कळदा दोरा तोंडाच्या आतच दिसतो, बारीक ब्रशने बाहेर काढता येतो. इथेच प्रश्न मिटतो.
4. तरी दिसला नाही तर सोनोग्राफी.
5. सोनोग्राफीत गर्भाशयात तांबी नसेल तर पोटाचा एक्स-रे, छातीच्या खालच्या पडद्यापासून ओटीपोटापर्यंत सगळा. नुसत्या ओटीपोटाच्या फोटोत वर सरकलेली तांबी सुटते.

पाचवी पायरी गाळली जाते आणि ती गंभीर चूक आहे. सोनोग्राफीत तांबी दिसली नाही की ‘पडून गेली असेल’ म्हणून दुसरी बसवतात. तांबी पडताना कोणी पाहिली नसेल तर ती पडली असं धरता येत नाही. गर्भाशयाला भोक पडून ती पोटात जाणं हजारात एक-दोघींच्या बाबतीत होतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, अंगावर पाजत असताना बसवलेल्या तांबीत हे प्रमाण जास्त. भोक पडतं ते बहुतेक बसवतानाच, पण लक्षात पुढे येतं. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम असतं, त्यामुळे ती एक्स-रेमध्ये स्पष्ट उमटते. एकच फोटो, पण शंका राहत नाही.

रिपोर्ट वाचताना

‘फंडस’ म्हणजे गर्भाशयाचा वरचा घुमट. तांबी त्याला अगदी टेकलेलीच हवी असं नाही. साधारण २ सेंटिमीटरपर्यंतचं अंतर बहुतेक डॉक्टर जागेवरच धरतात. रिपोर्टात ‘लो लाइंग’ लिहिलंय आणि त्रास काही नाही, तर लगेच काढण्याची घाई नको, डॉक्टरांशी बोलून ठरवा. बसवून थोडेच दिवस झाले असतील तर अशी तांबी कधी कधी पुढे वर सरकते. पण तांबीचा खालचा भाग गर्भाशयाच्या तोंडाच्या नळीत उतरला असेल, तर ती बदलायची. आणि एक विचारायला विसरू नका : काढायची झाली तर नवी त्याच दिवशी बसवता येईल का? मधल्या दिवसांत संबंध आला आणि गर्भनिरोधक काहीच नाही, ही फट नको.

बाळंतपणात किंवा सिझरमध्ये बसवलेली तांबी

इथे दोरा मुळात कापलेला नसतो आणि गर्भाशय मोठं असल्यामुळे सुरुवातीला खाली दिसतही नाही. गर्भाशय आकसत जातं तसा तो पुढच्या आठवड्यांत, कधी महिन्यांत खाली उतरतो. म्हणून सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत घरी शोधूच नका. उलट, दोरा अचानक अंगाबाहेर लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका. केंद्रात जा. तांबी आत असेल तर नर्स फक्त दोरा कापून देतात. सिझरनंतर काही जणींचा दोरा खाली उतरतच नाही. त्यांची खात्री सोनोग्राफीनेच होते. या तांब्या नेहमीच्यापेक्षा जास्त प्रमाणात पडतात. बाळाच्या धावपळीत सहा आठवड्यांची तपासणी सर्वांत आधी सुटते, म्हणून आशाताईंना तारीख आत्ताच सांगून ठेवा.

मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर

कप सरळ खाली ओढला की आत पोकळी तयार होऊन ताण येतो, आणि कपाच्या कडेला दोरा अडकला असेल तर तांबीही खाली येते. आधी बोटाने कपाची कड आत दाबून हवा जाऊ द्या, मग काढा. काढल्यावर दोरा एकदा बघा. पहिले तीन महिने पॅडवर राहिलात तर उत्तम, पडलेली तांबी पॅडवर दिसते तरी.

काढायची तारीख

मुदत संपलेली तांबी दोऱ्यावरून ओळखता येत नाही. दोरा तितकाच, तसाच लागत राहतो. फोनमध्ये काढायच्या तारखेच्या दोन महिने आधीची आठवण लावा. नवी हवी असेल तर जुनी काढून त्याच वेळी बसवता येते. पाळी कायमची थांबली असेल तर एक वर्ष पूर्ण झाल्यावर तांबी काढून घ्या. तेव्हा दोरा सापडत नसेल तर टप्पा ७ मधल्या तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करायची.